रामोस-कॉम्पियनसाठी बोंबाबोंब, डेव्हिड साइपसाठी कुणीच नाही : सीमेवरचे खटले आणि सरकारी वकील

सांगोलेकर (धागालेखक)

स्थलांतराच्या त्या शेजारच्या धाग्यावर काल कुणीतरी ठोकून दिलं, "अमेरिकेत गांजावाल्याला सोडतात आणि शिपायाला आत टाकतात." रोख अर्थात रामोस आणि कॉम्पियन ह्या सीमा गस्तीतल्या दोन शिपायांकडे. मी एल पासोत राहतो. हे प्रकरण इथे अजून सांगितलं जातं आणि सांगणारा बदलला की गोष्टही बदलते. तिकडे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आधी काय घडलं ते. १७ फेब्रुवारी २००५. एल पासोच्या खालच्या अंगाला फॅबेन्स नावाचं गाव आहे. कापसाची शेतं, मग बांध, मग चर, आणि पलीकडे रिओ ग्रांदे. सीमा गस्तीच्या गाड्या मागे लागल्यावर एक व्हॅन उलटी वळून नदीकडे पळाली. चालक ओस्वाल्डो आल्द्रेते-दाविला गाडी टाकून चरात उतरला. समोर होसे कॉम्पियन बंदूक घेऊन उभा. त्यानं दस्ता उगारला, झटापटीत स्वतःच पडला आणि आल्द्रेते निसटला. कॉम्पियननं पिस्तुलातून १४ गोळ्या झाडल्या, मध्ये मॅगझिन बदलून. एकही लागली नाही. इग्नासिओ रामोसनं एकच झाडली, ती ढुंगणात घुसली. तरीही गडी नदी ओलांडून मेक्सिकोत पोचला. व्हॅनमध्ये ७४३ पौंड गांजा निघाला, म्हणजे ३३७ किलोच्या आसपास.

एवढ्यावर थांबलं असतं तर दोघांच्या पाठीवर थाप पडली असती. पण गोळीबार झाल्याचं दोघांनीही वरिष्ठांना कळवलं नाही, आणि कॉम्पियननं रिकाम्या पुंगळ्या उचलून फेकून दिल्या. प्रकरण फुटलं ते बायकांच्या बोलण्यातून. आल्द्रेतेच्या आईनं ओळखीतल्या बाईला सांगितलं, त्या बाईचा जावई ॲरिझोनात सीमा गस्तीतच नोकरीला, त्यानं वर कळवलं. तपासी अधिकारी मेक्सिकोत जाऊन आल्द्रेतेला भेटले, त्याला अभय दिलं, एल पासोच्या लष्करी रुग्णालयात आणून गोळी काढली. ती रामोसच्या पिस्तुलाची निघाली.

मार्च २००६ मध्ये ज्यूरीनं दोघांना दोषी ठरवलं. ऑक्टोबरमध्ये शिक्षा : रामोसला ११ वर्षं १ दिवस, कॉम्पियनला १२ वर्षं. मग उसळला भडका. सीएनएनवर लू डॉब्स रोज रात्री तोच विषय घेऊन बसायचा. खासदारांनी सभागृहात भाषणं केली. पश्चिम टेक्सासचे सरकारी वकील जॉनी सटन यांच्या नावानं शिमगा झाला. फेब्रुवारी २००७ मध्ये रामोसला मिसिसिपीतल्या तुरुंगात कैद्यांनी तुडवलं, त्यानं आगीत तेल पडलं. शेवटी बुशनी पायउतार होण्याच्या आदल्या दिवशी, १९ जानेवारी २००९ ला, शिक्षा कमी केली. गोळीबाराला बरोबर चार वर्षं झाली त्या तारखेला दोघं घरी आले. डिसेंबर २०२० मध्ये ट्रम्पनी पूर्ण माफीही देऊन टाकली.

माझं म्हणणं असं. सरकारी वकिलांनी सीमेवरच्या शिपायाशी लबाडी केली हे ज्या खटल्यात कोर्टानंच लिहून ठेवलं, तो खटला हा नव्हेच. तो डेव्हिड साइपचा. ह्याच टेक्सासात, ह्याच नदीकाठी, खाली पेनितासला. एप्रिल २००० मध्ये त्यानं नदी ओलांडून आलेल्या एकाच्या डोक्यात टॉर्च हाणला. २००१ मध्ये तो दोषी ठरला. नंतर बाहेर आलं ते असं. सरकारी बाजूनं सांगितलं होतं की साक्षीदार स्थलांतरितांना इथे राहायची आणि काम करायची परवानगी तेवढी दिली आहे. प्रत्यक्षात त्यांना सोशल सिक्युरिटी कार्डं, साक्षीचा भत्ता, राहण्याजेवणाचा खर्च, वर मेक्सिकोत जाऊन येण्याची मुभासुद्धा मिळालेली. साइपविरुद्ध बोलणाऱ्या एका सहकाऱ्यानं "मला तो आवडत नाही" असं सरकारी बाजूला सांगितलं होतं, तेही दडपलं. २००३ मध्ये त्याच न्यायाधीशांनी फेरखटल्याचा हुकूम दिला, २००४ मध्ये पाचव्या सर्किट कोर्टानं (टेक्सासवरचं केंद्राचं अपील कोर्ट) तो उचलून धरला, आणि जानेवारी २००७ मध्ये दुसऱ्या ज्यूरीनं साइपला निर्दोष सोडलं.

जानेवारी २००७! त्याच महिन्यात रामोस आणि कॉम्पियन तुरुंगात हजर झाले. सगळे कॅमेरे त्यांच्यावर. साइपचं नाव इथल्या दहा जणांना विचारा, नऊ जण "कोण?" म्हणतील.

---

झुंजार_मावळा

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तुम्ही फार सभ्य भाषेत लिहिलंय हो सांगोलेकर, पण खरी मेख गाळलीत. अभय मिळालेला हा माफीचा साक्षीदार आल्द्रेते ऑक्टोबर २००५ मध्ये दुसरी खेप घेऊन आल्याचा संशय होता, खटला उभा राहायच्या आधी. पुन्हा साडेसातशे पौंडांच्या घरात. आणि ज्यूरीला हे कळू दिलं नाही! सरकारी वकिलानं अर्ज करून ते कागद बंद करून घेतले. ज्यूरीसमोर बसलेला माणूस म्हणजे "बिचारा, एकदाच चुकला" असा. २००७ च्या नोव्हेंबरात त्यालाच अटक झाली आणि २००८ मध्ये साडेनऊ वर्षांची शिक्षा. ही लबाडी नाही तर काय?

---

सांगोलेकर

गाळलं नाही, प्रतिसादात येणार हे माहीत होतं :) तुमचा हा मुद्दा सगळ्यात दमदार आहे, हे कबूल. पण फरक बघा. दुसऱ्या खेपेबद्दल बचावाच्या वकिलांना माहिती होती, त्यांनी ती मांडायचा प्रयत्न केला, न्यायाधीशांनी नाही म्हटलं. साइपच्या वकिलाला काय दडवलंय ह्याचा पत्ताच नव्हता. पहिल्यात तुम्ही न्यायाधीशांशी भांडू शकता, अपील करू शकता. दुसऱ्यात कशाविरुद्ध अपील करणार?

---

मुळ्याची_भाजी

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. हवालदार काका कुठायत? पुंगळ्यांचा विषय निघालाय.

---

हवालदार_निवृत्त

आलो. पुंगळ्या उचलल्या म्हणजे लगेच पुरावा नष्ट, असं मी तरी म्हणणार नाही. आमच्याकडे चांदमारीला गेलो की झाडलेल्या प्रत्येक गोळीची पुंगळी वेचून कोतमध्ये, म्हणजे शस्त्रांच्या कोठारात, जमा करायची. एक कमी पडली तर उन्हात सगळी टोळी गवत चाळत बसायची, जमादार डोक्यावर उभा. हाताला ती सवय लागते. गोळी झाडली की नजर आपोआप जमिनीवर जाते.

पण वेचलेली पुंगळी खिशात जाते आणि कोतमध्ये येते. चरात जात नाही. आणि १४ गोळ्या कमी भरलेलं पिस्तूल घेऊन ड्युटी संपवायची आणि कुणी हिशेबच विचारायचा नाही, हे मला पटत नाही. तिथे वरचे साहेब लोक त्या वेळी होते की नाही?

---

सांगोलेकर

होते काका. गोळीबारानंतर थोड्याच वेळात बरेच जण तिथे जमले होते. "सगळ्यांना माहीतच होतं, वेगळं काय कळवायचं" हा बचावाचा एक मुद्दा होताच. साहेबांचं म्हणणं, आम्हाला कुणी काही बोललं नाही. ज्यूरीनं साहेबांवर विश्वास ठेवला.

---

काळा_कोट

कोर्टातून आत्ता आलो, धागा बराच पळालाय. दोन-तीन गोष्टींची गल्लत होतेय.

एक, आल्द्रेते "माफीचा साक्षीदार" नव्हे. माफीचा साक्षीदार हा त्याच गुन्ह्यातला साथीदार असतो. गोळीबाराच्या गुन्ह्यात हा आरोपी नव्हता, जखमी होता. त्याला दिलेलं अभय त्या दिवशीच्या गांजापुरतं. गोळी लागलेला माणूस तस्कर आहे म्हणून त्याची तक्रारच घ्यायची नाही, असं धोरण कुठल्याच सरकारी वकिलाला परवडणार नाही.

दोन, शिक्षेचं गणित. रामोसच्या ११ वर्षं १ दिवसातून १० वर्षं बाजूला काढा. उरतात १ वर्ष १ दिवस. कॉम्पियनच्या १२ मधून १० काढा, उरतात २. ती १० वर्षं आली एकाच कलमातून : हिंसक गुन्हा करताना शस्त्र झाडलं तर किमान १० वर्षं, न्यायाधीशाला एक दिवसही कमी करता येत नाही, आणि ती बाकीच्या शिक्षेनंतर भोगायची. हे कलम पिस्तूल बाळगून दरोडे घालणाऱ्यांसाठी आणि ड्रग्ज विकणाऱ्यांसाठी आणलेलं. ज्याला सरकारनंच पिस्तूल देऊन गस्तीवर पाठवलं त्याला ते लावायचं की नाही, हे ठरवणं संपूर्णपणे सरकारी वकिलाच्या हातात. सटन यांनी लावलं. बेकायदा नाही. पण माझ्या मते ह्या खटल्यातला खरा अतिरेक इथे आहे, दुसऱ्या खेपेत नाही. न्यायाधीशांना दोन वर्षं द्यावीशी वाटली तरी त्यांनी बारा लिहायची, ह्याला न्यायदान म्हणणं मला जड जातं.

तीन, लबाडी कशाला म्हणायचं ह्याची अमेरिकेत कसोटी आहे. १९६३ चा ब्रेडी विरुद्ध मेरीलँड. आरोपीच्या फायद्याचा महत्त्वाचा पुरावा सरकारी बाजूकडे असेल तर तो द्यायलाच हवा, मुद्दाम दडवला की चुकून राहिला ह्यानं फरक पडत नाही. १९७२ मध्ये जिग्लिओ खटल्यात पुढची पायरी : साक्षीदाराला काही कबूल केलं असेल तर तेही सांगायला हवं. साइपचा खटला ह्या दोन्हींवर सरळ आपटतो. रामोस-कॉम्पियनचं अपील २००८ च्या जुलैत त्याच पाचव्या सर्किटपुढे आलं तेव्हा त्यांनी मुख्य दोषसिद्धी कायम ठेवली. कामकाजात अडथळा आणल्याचा आरोप तेवढा उडवला, कारण खात्याची अंतर्गत चौकशी म्हणजे त्या कलमातलं "अधिकृत कामकाज" नव्हे. म्हणजे तिथेही सरकारी बाजूनं कलम ताणलेलं होतंच.

---

झुंजार_मावळा

मग वकीलसाहेब, तुम्ही माझ्याच बाजूचे झालात की! कलम ताणलं, अतिरेक केला. आणखी काय हवं? ज्यूरीतल्या तिघांनी नंतर सांगितलं की आमच्यावर दबाव होता, एकमत होत नसेल तर तसं सांगता येतं हेच आम्हाला कळलं नाही.

---

काळा_कोट

तुमच्या बाजूचा अर्धा :) ज्यूरीतल्यांचं मागाहूनचं म्हणणं कोर्टं सहसा ऐकत नाहीत, आणि त्यातला दोष वकिलाचा नाही.

---

मुळ्याची_भाजी

अहो, पण ह्या सगळ्यात एक सरळसरळ थाप होती ती कुणी सांगतच नाहीये. सप्टेंबर २००६ मध्ये गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयातल्या लोकांनी टेक्सासच्या खासदारांना बंद दाराआड माहिती दिली. काय? तर ह्या दोघांनी म्हणे "मेक्सिकन माणसाला गोळी घालायची होती" असं कबूल केलंय. खासदारांनी कागद मागितले. आज देतो, उद्या देतो. फेब्रुवारी २००७ मध्ये महानिरीक्षक रिचर्ड स्किनर यांना शपथेवर मान्य करावं लागलं की असं काही कागदावर नाही.

एखाद्यावर "वंशद्वेषानं गोळी घातली" असा शिक्का मारायचा, तोही लोकप्रतिनिधींसमोर, आणि पाच महिन्यांनी "चुकीची माहिती गेली" म्हणून हात झटकायचे. लोकांचं डोकं फिरलं ते काही उगीच नाही.

---

सांगोलेकर

हो, हे मूळ लेखात यायला हवं होतं असं माझ्या बायकोनंही आत्ताच सुनावलं. एवढंच की ते कार्यालय तपासाचं, सटन यांचं नव्हे. पण लोकांना "सरकार" एकच दिसतं, आणि त्यात त्यांची काय चूक?

---

रानजुई

सगळे प्रतिसाद वाचले. एक विचारू? हा संताप नेमका कुणासाठी उसळतो? सॅन डिएगोजवळच्या सान इसिद्रो नाक्यावर मे २०१० मध्ये अनास्तासिओ एर्नांदेस-रोहास ह्या माणसाला हातात बेड्या असताना मारहाण झाली, विजेचे झटके दिले. पाच मुलांचा बाप. काही दिवसांत गेला. बघ्यांनी फोनवर काढलेलं चित्रण २०१२ मध्ये टीव्हीवर आलं, त्यात तो मदतीसाठी ओरडताना ऐकू येतो. २०१५ मध्ये न्याय खात्यानं फाइल बंद केली, कुणावरही खटला नाही. आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगानं २०२५ मध्ये अमेरिकेला जबाबदार धरलं, पंधरा वर्षांनी.

आणखी एक. सीमा गस्तीची स्वतःची "गंभीर घटना पथकं" होती. गोळीबार झाला, गाडीखाली कुणी आलं, की बाहेरचे तपासनीस यायच्या आधी किंवा त्यांच्याबरोबर ही पथकं हजर. खात्याचाच माणूस खात्याचाच पुरावा गोळा करतोय. बराच गदारोळ झाल्यावर २०२२ मध्ये ती बंद करायचा हुकूम निघाला. तोवर कितीतरी वर्षं हेच चालू होतं. खटला भरण्यात लबाडी होते तशी खटला न भरण्यातही होते. त्यावर लू डॉब्स रोज रात्री बोलल्याचं ऐकलं नाही बाई.

---

झुंजार_मावळा

झालं, आलं "तेव्हा कुठे होतात". धागा रामोसवर आहे.

---

रानजुई

धागा सरकारी वकिलांवर आहे. शीर्षक वाचा दादा.

---

हवालदार_निवृत्त

ताईंचं बरोबर आहे. आमच्याकडे तरी वेगळं काय? २०११ च्या ७ जानेवारीला बांगलादेश सीमेवर पंधरा वर्षांची फेलानी खातून कुंपणावरून उतरताना गोळी लागून मेली. प्रेत तारेला लटकलेलं, तो फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. खटला चालला सीमा सुरक्षा दलाच्याच न्यायालयात, कूचबिहारला. २०१३ मध्ये जवान निर्दोष. ओरड झाल्यावर फेरविचार, २०१५ मध्ये पुन्हा निर्दोष. मी वर्दीतला माणूस आहे, जवानाची अडचण मला कळते. रात्रीची गस्त, धुकं, वरून "घुसखोरी थांबवा" असा हुकूम. पण न्यायाधीश आपले, वकील आपला, आरोपी आपला, आणि मेलेली पोर पलीकडची. तिचा बाप साक्ष द्यायला भारतात आला होता. त्याला त्या खोलीत काय वाटलं असेल?

---

मुळ्याची_भाजी

+१ काका. गप्प केलंत.

---

बिनपाण्याची_विहीर

मी कायद्यातला नाही. साधा प्रश्न. साइपच्या खटल्यात पुरावा दडवणाऱ्या वकिलांना आत टाकता येतं का? निदान नुकसानभरपाई?

---

काळा_कोट

भरपाईसाठी वकिलावर दावा? जवळपास अशक्य. १९७६ चा इम्ब्लर विरुद्ध पॅक्टमन हा निकाल. खटला चालवण्याच्या कामात सरकारी वकिलानं काहीही केलं, अगदी जाणूनबुजून, तरी त्याच्यावर दिवाणी दावा चालत नाही. पोलिसाला एवढं संरक्षण नाही, वकिलाला आहे. बरं, त्याच्या कार्यालयावर करावा? २०११ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या जॉन थॉम्पसनचा निकाल लागला. रक्ताचा अहवाल दडवला म्हणून १८ वर्षं आत, त्यातली १४ फाशीच्या कोठडीत. ज्यूरीनं १ कोटी ४० लाख डॉलर दिले, सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ नं काढून घेतले. कारण? एका खटल्यातल्या चुकीवरून "कार्यालय प्रशिक्षणच देत नाही" हे सिद्ध होत नाही म्हणे.

तुरुंगात गेलेला एक मला आठवतो, तोही टेक्सासचाच. केन अँडरसन. मायकेल मॉर्टन नावाच्या माणसाला बायकोच्या खुनासाठी जवळपास २५ वर्षं आत ठेवलं, डीएनए तपासणीनं तो सुटला, आणि कळलं की सरकारी वकिलानं महत्त्वाचे कागद दिलेच नव्हते. तोवर हे वकील न्यायाधीश होऊन बसले होते. २०१३ मध्ये त्यांना शिक्षा झाली १० दिवसांची. त्यातलेही सगळे भोगले नाहीत.

---

बिनपाण्याची_विहीर

२५ वर्षांना १० दिवस???

---

काळा_कोट

वकिलीची सनदही गेली. पण हो, १० दिवस. एक बरं झालं, त्याच वर्षी टेक्सासनं मॉर्टनच्या नावानं कायदा केला : आरोपीनं मागितल्यावर सरकारी वकिलानं फाइल उघडायची, आरोपीच्या फायद्याचं जे असेल ते न मागताही द्यायचं. पण तो राज्याच्या कोर्टांसाठी. साइप, रामोस, कॉम्पियन हे खटले केंद्राच्या कोर्टातले, तिथे तो लागू नाही. केंद्रात २०२० मध्ये एवढंच आलं की न्यायाधीशानं खटल्याच्या सुरुवातीलाच सरकारी वकिलाला ब्रेडीची आठवण करून देणारा लेखी हुकूम काढायचा.

---

झुंजार_मावळा

रामोसबद्दल माझं मत बदललेलं नाही, दहा वर्षांचं ते कलम लावणाऱ्याला मी माफ करणार नाही. पण साइपचं मला खरंच माहीत नव्हतं. ह्या माणसासाठी त्या खासदारांनी एक भाषण केलं असतं तर काय झिजले असते? का टॉर्चनं मारण्यात गांजा नव्हता म्हणून?

---

सांगोलेकर

बरोबर बोललात. गांजा नव्हता, बातमीला चव नव्हती. आणि हेही धरा की टॉर्च हाणला हे साइपनं नाकारलं नव्हतं, वाद होता तो का हाणला ह्याचा. असा माणूस पोस्टरवर छापता येत नाही.

---

बिनपाण्याची_विहीर

आणि आपल्याकडे? दडवलेला कागद मागायची काही सोय?

---

काळा_कोट

पूर्वी आरोपपत्राबरोबर जे जोडलं तेवढंच मिळायचं. जेसिका लाल खून खटल्यात, २०१० च्या मनु शर्मा निकालात, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सरकारी वकिलाचं कर्तव्य त्यापलीकडे जातं. २०२१ मध्ये स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात त्यांनी नमुना नियम दिले : ज्या जबाबांवर, कागदांवर, मुद्देमालावर सरकारी पक्ष विसंबत नाही, त्यांचीही यादी आरोपीला द्यायची. यादी हातात आली की मग त्यातलं काय हवं त्यासाठी अर्ज करता येतो.

---

हवालदार_निवृत्त

यादी कोण करणार, तपासी अंमलदारच ना? कपाटात कुठला गठ्ठा आहे ते त्यालाच ठाऊक. यादीत एक ओळ कमी लिहिली तर तुम्हाला कळणार कसं?

---

काळा_कोट

काका, म्हणून मी उलटतपासात पहिला प्रश्न तोच विचारतो : तुम्ही एकूण किती जणांचे जबाब घेतले? आकडा यादीशी जुळला नाही की तिथून पुढे सुरू.